परातीतलं लोणार

परातीत चार बोटं जाडीचा पांढऱ्या रांगोळीचा थर द्यावा, त्यावर काळ्या रानातली वाळलेली माती चाळणीनं पातळ भुरभुरावी आणि मीटरभर उंचीवरून गोटी सोडावी. खड्डा पडतो, भोवती कड उचलली जाते आणि काळ्यावर पांढरे फराटे उमटतात. खालचं वर येतं. हिंगोलीची ही माती ज्या बेसाल्टची झीज होऊन झाली, त्याच खडकात इथून सरळ रेषेत 100 किलोमीटरच्या आत लोणारचं विवर आहे. व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, आणि कड आसपासच्या रानापेक्षा साधारण 20 मीटर उंच. आता गोटी चौपट उंचीवरून सोडून खड्डा मोजा. पोरं चौपट रुंदीचा अंदाज बांधतात. तो दुपटीच्याही आत भरतो. एवढ्या एका आकड्यासाठीही परात मांडावी.

कुणी म्हणेल, हा निव्वळ खेळ झाला, खरी अशनी अशी थोडीच पडते? आक्षेप रास्त आहे. मीटरभरावरून सुटलेली गोटी सेकंदाला साडेचार मीटरनं येते. अवकाशातून येणारा मोठा दगड किमान 11 किलोमीटरनं. वेग अडीच हजार पट, म्हणून किलोमागे ऊर्जा साठ लाख पट. तेवढ्याच वजनाच्या टीएनटीच्या दहापटीहूनही जास्त! पण माझ्या मते प्रयोगाची खरी किंमत याच तफावतीत आहे. गोटी खड्ड्यात सापडते, मग लोणारचा दगड कुठं गेला, हा प्रश्न परात बघणाऱ्यालाच पडतो. अमेरिकी भूवैज्ञानिक गिल्बर्ट इथंच चकले. 1891 मध्ये ॲरिझोनाच्या विवरात पुरलेलं लोखंड त्यांनी चुंबकसूचीनं शोधलं, बाहेर पडलेला माल खड्ड्याशी ताडून पाहिला. दगडाला जागाच उरेना. निष्कर्ष काढला, वाफेचा स्फोट. माणूस कच्चा नव्हता, गोटी गोटीच राहते हे गृहीत कच्चं होतं. दुसरी तफावत अशी: गोटी तिरकी मारली की खड्डा लांबट होतो, मग चंद्रावरची विवरं गोल का? न्यूझीलंडचे खगोल अभ्यासक गिफर्ड यांनी 1924 मध्ये हिशेब मांडला: इतक्या वेगाचा दगड आदळताच स्फोटासारखा वागतो, आणि स्फोटाला आलेली दिशा फारशी आठवत नाही. लोणारलाही बराच काळ ज्वालामुखीच समजलं जाई. तिथल्या खडकात प्रचंड दाबाखाली खनिजाची झालेली मॅस्केलिनाइट ही काच सापडली आणि 1973 मध्ये वाद जवळजवळ मिटला. परातीत तसली काच कधीच मिळणार नाही, हेही पोरांना सांगावं.

हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी मोजणारी 2600 कोटींची लायगो प्रयोगशाळा व्हायची आहे. त्या जिल्ह्यात मोजण्याची सवय घरातच का लागू नये? पिठात असे प्रयोग करून अन्न वाया जातं म्हणाल, तर इथं पीठ लागतच नाही, रांगोळी आणि माती पुन्हा वापरता येते. उंची आणि व्यास वहीत लिहा, प्रत्येक उंचीवरून तीनदा गोटी सोडा. रांगोळीची धूळ बारीक असते. चाळताना तोंडाला रुमाल तेवढा बांधा.