नकाशा आणि हात

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील एका लहानशा टूलरूममध्ये अनेक वर्षे माझ्या डाव्या-उजव्या बाजूंच्या लेथवर दोन मराठी ख्रिस्ती कारागीर उभे असत. एक वसईचा रोमन कॅथलिक, दुसरा अहमदनगरचा प्रॉटेस्टंट. राखेच्या बुधवारी पहिला कपाळावर राखेचा क्रूस घेऊन कामावर येई. दुसऱ्याच्या हत्यारांच्या पेटीत, व्हर्नियरच्या शेजारी, तेलकट बोटांचे ठसे उमटलेला मराठी ‘नवा करार’ असे. एक मिस्साला जाई, दुसरा उपासनेला. एकाचे फादर, दुसऱ्याचे पाळक. एकाचे कम्युनियन, दुसऱ्याचे प्रभुभोजन.

या भेदांचा तपशील मोठा आहे. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके, प्रॉटेस्टंट बायबलात ६६; तिकडे सात संस्कार, इकडे बहुतेक पंथांत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच; तिकडे पोपचा अखत्यार आणि मरियेची व संतांची मध्यस्थी, इकडे भक्त आणि ख्रिस्त यांच्यामध्ये कोणी मुखत्यार असू नये असा आग्रह. परंतु या सर्वांच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो : सत्य पिढ्यान्‌पिढ्या अबाधित राहते ते कशाच्या आधारे?

आमच्या धंद्यात या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. नकाशावर अखेरचे माप लिहिलेले असते आणि मायक्रोमीटर लावून कालचा पोरही मेस्त्रीला ‘हे चुकले’ असे म्हणू शकतो. पण नकाशावर न उतरणारे पुष्कळसे शहाणपण उस्तादाच्या हातून शागिर्दाच्या हातात जाते, आणि ते गेले नाही तर नकाशा नुसता कागद उरतो. धर्मातही हीच दोन उत्तरे दिसतात. १५१७ मध्ये चर्चविरुद्ध उठलेल्या ल्यूथरने पुढे शास्त्रवचनालाच अखेरचे माप मानले. १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने शास्त्राच्या जोडीला परंपराही तितकीच आदरणीय ठरविली.

मराठी मुलखातही या दोन श्रद्धांनी आपापली फळे दिली. जेझुइट फादर स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ हे ओवीबद्ध, म्हणजे मंडळींनी एकत्र बसून कानांनी ऐकावयाचे. उलट, शास्त्र ज्याचे त्याने वाचावयाचे असेल तर प्रत्येकाला अक्षरओळख हवी. म्हणून अमेरिकन मराठी मिशन जेथे गेले तेथे शाळाही गेली, आणि नगरच्या मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळेने जोतीराव फुल्यांना प्रेरणा दिली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी तर १९१७ मध्ये मिशनची चाकरीही सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय उभारला. मध्यस्थ नको, हा विचार त्यांनी शेवटापर्यंत नेला.

केवळ नकाशावर विसंबले की प्रत्येक जण आपापला निरीक्षक होतो आणि पंथांना पंथ फुटतात. केवळ हातावर विसंबले की चूकही वारसा होऊन बसते. दोन्ही पक्षांनी हे ओळखले, यातच त्यांचा थोरपणा आहे. फुटलेले प्रॉटेस्टंट पंथ १९४७ मध्ये मद्रासला आणि १९७० मध्ये नागपुरात एकत्र आले. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लॅटिन मिस्साला देशभाषांची दारे उघडली आणि वसईच्या वेदीवर मराठी आली. ज्या प्रश्नावर युरोपात रक्त सांडले, त्यावर, मनुष्याचा उद्धार कृपेवर आधारलेला आहे, अशी संयुक्त ग्वाही कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे दिली.

मी ख्रिस्ती नाही, आणि माझे मन तपासण्याचा हक्क धाकट्यालाही देणाऱ्या बाजूकडेच झुकते. तरीही एक प्रसंग मला त्या बाजूला पूर्णपणे जाऊ देत नाही. एका कामात नगरकराने वसईकराची दोन शतांशांची चूक दाखविली. वसईकराने माप स्वतः पाहिले, मान हलविली आणि नवा तुकडा मुकाट्याने लेथवर चढविला. तो मायक्रोमीटर वाचावयास नगरकराला, तो पीण्यात नवखा असताना, वसईकरानेच शिकविले होते.