मंगळाला कोणते पोवळे?

पोवळे हा मंगळाचा खडा. अमळनेरला मंगळग्रह मंदिरात दर्शन घेतले की अनेकांना तो अंगठीत हवा असतो. कुणाच्या मुलीचे लग्न रखडलेले असते, कुणाच्या बांधाचा वाद कोर्टात पडून असतो. सराफाने सांगितलेला भाव झेपला नाही, तर त्यांतले काहीजण विचारत विचारत माझ्याकडे येतात. मी जळगावात खडे घासतो. मुख्यतः अकीक, आणि अलीकडे जयपूरच्या व्यापाऱ्याकडून येणारे जीवाश्म पोवळे. धुळ्याकडच्या एका शेतकऱ्याने माझ्या पेटीतला ताऱ्यांच्या नक्षीचा एक तुकडा उचलला आणि विचारले, "नाना, हाई मंगळनं पवळं शे का?"

मी त्याला जे आहे ते सांगितले आणि तो खडा न घेता गेला. पण त्याचा प्रश्न साधा नव्हता. खड्याचे पावित्र्य त्याच्या द्रव्यात असते, रूपात असते, की घालणाऱ्याच्या श्रद्धेत? आणि जे एके काळी जिवंत शरीर होते, ते विकत घेऊन चाकाला लावणे धर्माला धरून आहे का?

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो. अंगठीतले लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते. इवल्याशा प्राण्यांची वसाहत ते झाडासारखे बांधत जाते आणि त्याची फांदी वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा जाड होत नाही. आपल्याकडे त्याची ओढ जुनी आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात पोवळे आहे, आणि पैठणहून भडोचला जाणाऱ्या मालात अकीकाच्या जातीचे दगड आहेत. दख्खनचा दगड बाहेर जायचा आणि समुद्राचा आत यायचा. मी ज्या दोन वस्तू घासतो, त्यांची अदलाबदल दोन हजार वर्षांपूर्वीही चालू होती.

जीवाश्म पोवळे वेगळे. ते समुद्रातल्या खडकभित्ती बांधणाऱ्या पोवळ्यांचे. प्राणी मेले, सांगाडे गाळात गाडले गेले आणि जमिनीतल्या पाण्याने चुन्याच्या जागी कणाकणाने गारगोटीचे द्रव्य आणून भरले. आकार राहिला, द्रव्य बदलले. माझ्याकडे येणारा कच्चा माल बहुतेक इंडोनेशियातला असतो, मायोसीन काळातला, म्हणजे सुमारे २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा. आमच्या खान्देशात तो सापडायचा नाही, कारण इथे पायाखाली लाव्हाचा काळा कातळ आहे.

असा माल घेताना मी तुकडा पाण्यात बुडवून बघतो, कोरड्या दगडाची नक्षी लपून राहते. एका कोपऱ्यावर लिंबाचा रस टाकतो. फेस आला तर चुना तसाच आहे, दगड मऊ निघणार आणि त्यावर चकाकी टिकणार नाही. फेस आला नाही आणि सुरीचा ओरखडाही उठला नाही, तर तो गारगोटीचा झाला आहे, कठीणपणाच्या मापावर सातच्या आसपास. मग उन्हात धरून चिरा शोधतो. इतके करूनही निम्म्याहून अधिक वजन कापण्याघासण्यात जाते.

आता त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाला एक सोपे उत्तर देता आले असते. पुराणांत मंगळ भूमीचा पुत्र आहे. समुद्रातून तोडलेल्या पोवळ्यापेक्षा भूमीच्या पोटातून निघालेले पोवळे तर त्याच्या आईकडून आलेले. शिवाय ताज्या पोवळ्यासाठी जीव मारावा लागतो, याच्यासाठी कुणालाच नाही. हे बोलणे इतके गोड आहे की ग्राहक लगेच मान डोलावेल. म्हणूनच मला त्याची भीती वाटते. ज्या धर्मविचाराने माझाच माल खपतो, तो मी दुसऱ्याच्या तोंडूनही दोनदा तपासून घेईन. ज्या परंपरेने मंगळाला लाल पोवळे दिले, तिने हा करडा, ताऱ्यांचा दगड सांगितलेला नाही. तिच्या नावावर तो विकला तर ग्राहकाची श्रद्धा खरी आणि माझी वाणी खोटी, असा सौदा होतो.

मग या दगडाला काहीच पावित्र्य नाही का? शाळिग्रामाकडे पाहिले की प्रश्न अवघड होतो. गंडकीतला शाळिग्रामही जीवाश्मच आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या शंखधारी अमोनाइटचा. त्याला प्राणप्रतिष्ठा लागत नाही, तो स्वयंभू. माझ्या देवघरात तो तुळशीखाली असतो, आणि त्याच्यासारखाच समुद्रात जन्मून दगड झालेला दुसरा जीव मी पलीकडच्या खोलीत कापतो. द्रव्याच्या हिशेबाने या भेदाला काही आधार नाही. भेद केला तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या पूजेने. माणसांनी शाळिग्रामाशी नाते जोडले, रोज पाणी घातले, त्याच्यापुढे खरे बोलले. पावित्र्य मला तिथे दिसते, वस्तू आणि माणूस यांच्यात पाळल्या गेलेल्या नात्यात. ते नाते नसताना पावित्र्य लेबलासारखे चिकटवता येत नाही. पण माझ्या ताऱ्यांच्या दगडाशी नाते जोडायला कुणाची बंदीही नाही.

आणि नाते जोडावे असे त्याच्यात पुष्कळ आहे. १९६३ मध्ये जॉन वेल्स या अमेरिकी अभ्यासकाने डेव्होनियन काळातल्या, म्हणजे पस्तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या, पोवळ्यांवरच्या बारीक रेषा मोजल्या. पोवळे रोज एक पातळ थर चढवते. एका वर्षाच्या पट्ट्यात त्यांना सुमारे चारशे रेषा मिळाल्या. तेव्हा पृथ्वी जास्त वेगाने फिरत होती आणि वर्षात दिवस जास्त होते. जपमाळ ओढणाऱ्याला याहून थोर साधक कुठे भेटणार? हे वाचल्यापासून मी चाक सुरू करण्याआधी दगडाला हात जोडतो. देव म्हणून नव्हे, आपल्या आधी इथे राहून गेलेला म्हणून.

हात जोडले तरी कापण्याचा अधिकार मिळतो का, हे मी शेजारच्या जैन आजींना विचारले. जैन विचारात माती, दगड, धातू यांनाही एकेंद्रिय जीव मानतात. शांतिसूरींच्या 'जीवविचार' या ग्रंथात पृथ्वीकाय जीवांच्या यादीत स्फटिक, मणी, रत्ने यांच्या शेजारी पोवळेही आहे. युरोपात पोवळे वनस्पती समजले जाई. ते प्राणी आहे असे अठराव्या शतकात पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने मांडले, तेव्हा त्याचे कुणी ऐकेना. वर्गवारी कोणाची बरोबर, हा वाद मी घालत नाही. पोवळ्यात जीव आहे आणि त्याला हात लावणाऱ्यावर जबाबदारी येते, हे जैन आचार्यांनी फार आधी सांगितले, एवढे मला पुरते.

आजींनी तुकडा निरखला. माझा मदतनीस तोंडाला फडके बांधून घासायला बसला होता, त्याच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "भाऊ, दगड तर केव्हाच अचित्त झाला. हा पोरगा सचित्त आहे. आधी याचं बघा."

अचित्त म्हणजे निर्जीव, सचित्त म्हणजे जिवंत. त्या बोलण्याने माझा सगळा प्रश्नच दुसऱ्या बाजूला वळला. मेलेल्या जिवाची हिंसा होते का, यावर मी विचार करत बसलो होतो. हिंसेची खरी जागा चाकापाशी होती. जीवाश्म पोवळे आणि अकीक दोन्ही गारगोटीचेच. कोरडे घासले की जी धूळ उडते ती फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही. गुजरातमधल्या खंभातच्या अकीक कारागिरांत सिलिकोसिस हा आजार किती खोल गेला आहे, ते वैद्यकीय अभ्यासांतून वर्षानुवर्षे नोंदले गेले आहे. तो बरा होत नाही. जपमाळांचे गुळगुळीत मणी असेच कुणाच्या तरी श्वासावर घासले जातात. फडके बांधून ती बारीक धूळ अडत नाही. चाकावर पाणी सोडावे लागते, धूळ ओढून घेणारा पंखा लावावा लागतो, योग्य मास्क द्यावा लागतो. हे सगळे मी केले. माझा खडा त्यामुळे महाग झाला आणि तो तसाच असायला हवा.

अमळनेरातच, मंगळाच्या देवळाच्या गावात, १९१६ साली प्रताप शेठांनी तत्त्वज्ञान मंदिर उभे केले, मुख्यतः अद्वैताच्या अभ्यासासाठी. साने गुरुजी तिथे काही काळ होते आणि पुढे त्याच गावात शिक्षक झाले. अद्वैताने दगड, पोवळे आणि पोरगा यांत एकच तत्त्व पाहिले. मला ते मान्य आहे. पण अद्वैतही व्यवहारातला भेद पुसत नाही, आणि व्यवहारात खोकला पोरालाच येतो. सर्वत्र एकच आहे म्हणणाऱ्याने त्या खोकल्याला स्वतःचा मानावे, तर त्याचे अद्वैत खरे.

म्हणून आता कच्चा माल घेताना मी नक्षीच्याही आधी तीन गोष्टी विचारतो. हा खरोखर जीवाश्म आहे ना? कारण आपल्या समुद्रातली खडकभित्तीची पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि ताजा सांगाडा जुना म्हणून खपवणारे असतात. त्याला रंग दिला आहे का? आणि अर्धवट कापून आला असेल तर कापणाऱ्याच्या चाकावर पाणी होते का? तिसऱ्या प्रश्नाला व्यापारी बहुधा गोंधळतात. तरी मी विचारतो, कारण घेणाऱ्यांनी विचारले नाही तर त्या चाकावर पाणी कधीच येणार नाही.

मंगळाला कोणते पोवळे चालते, हे ज्योतिषी सांगतील. माझ्या हातात येते तेवढ्याचे उत्तर मी देऊ शकतो. ज्याच्याबद्दल विकताना खोटे बोलावे लागले नाही आणि जे घासताना कुणाचा श्वास गेला नाही, ते पोवळे देवापुढे ठेवायला योग्य. लाल असो, करडे असो, ही अट दोन्हींना सारखीच लागू आहे. महागडे अस्सल पोवळे या अटीत नापास होऊ शकते आणि माझा ताऱ्यांचा दगड, त्याला मंगळाचे नाव न देताही, पास होऊ शकतो. धुळ्याकडचा तो शेतकरी पुन्हा आला तर त्याला मी एवढेच सांगेन, की अंगठी कुणाकडूनही घ्या, पण देणाऱ्याला विचारा, हे कुठून आले आणि कुणी घासले. त्या विचारण्यातच तुमच्या पूजेची सुरुवात आहे.