काळजी हे प्रमाण मानायचं का?

मार्था मिल्स १३ वर्षांची होती. सुट्टीत सायकलवरून पडली, स्वादुपिंडाला मार बसला आणि लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात असताना तिला सेप्सिस झालं. पोरीचं लक्षण बरं दिसत नाही, हे आई परोपरीने सांगत होती. डॉक्टरांनी तिला धीर दिला. मुलीला वेळेवर आयसीयूत नेलं मात्र नाही. ऑगस्ट २०२१मध्ये मार्था गेली. वेळीच हलवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असं मृत्यूच्या चौकशीत निघालं.

आईची काळजी ही नुसती भावना, की ज्ञान?

प्राचीन भारतीय न्यायदर्शनाने प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, म्हणून आप्ताच्या शब्दाला प्रत्यक्ष आणि अनुमानाच्या पंक्तीला बसवलं. आप्त कोण? ज्याला गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि ती आहे तशी सांगायची इच्छा आहे, तो. मग तो ऋषी असो वा म्लेच्छ, असं भाष्यकार वात्स्यायन बजावतात. या व्याख्येत हुद्दा कुठेच येत नाही. रुग्णालयात मात्र तो आधी येतो!

सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात १९९०मध्ये केन हिलमन यांच्या पुढाकाराने रॅपिड रिस्पॉन्स टीमची सुरुवात झाली. नाडी, श्वास किंवा रक्तदाब बिघडला की वॉर्डातल्या नर्सने वरिष्ठांची वाट न पाहता पथक बोलवायचं. पुढे अशा पथकांच्या निकषांत आकडा नसलेला एक निकषही रुळला: रुग्णाबद्दल वाटणारी चिंता. इंग्लंडने २०२४पासून ‘मार्थाज रूल’खाली नातेवाइकांनाही तातडीने फेरतपासणी मागण्याची सोय दिली, पहिल्या टप्प्यात १४३ रुग्णालयांत.

पण बोलावणार कोण, आणि बोलावल्यावर धावणार कोण? ऑस्ट्रेलियातल्या २३ रुग्णालयांच्या ‘मेरिट’ अभ्यासात (२००५) पथकांमुळे लक्षणीय फरक दिसला नाही. निकष पुरे होऊनही पुष्कळदा कोणी बोलावलंच नव्हतं. रुग्णाकडे धड पाहायलाच उसंत नसेल, तर नर्सला चिंता वाटणार कधी? पेनसिल्व्हेनियातल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरच्या लिंडा एकन यांच्या अभ्यासात (२००२) नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त आढळली. म्हणून आयसीयूतल्याच नर्सला पथकात पळवलं, तर तिचे रुग्ण उरलेल्या नर्सवर पडतात; ही उसनवारी आहे, आणि तिची किंमत मोजतो तो व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, ज्याला बोलताही येत नाही. त्याची संमती कोणी घेतली?

पथकाला स्वतःची माणसं हवीत. ती रिकामी बसतील, ही हिशेबनिसांची तक्रार टिकत नाही: इंग्लंडमधल्या अशाच पथकांतल्या ‘आउटरीच’ नर्सेस बोलावणं नसतं तेव्हा आयसीयूतून वॉर्डात परतलेल्या रुग्णांना जाऊन पाहतात.