कोंबडीचा वर्षावास

नाशिकमधल्या इंदिरानगरच्या एखाद्या परसात कोंबड्यांच्या जाळीवर पत्रे टाकून ती खुराड्यालाच जोडली, की मुंगसाची भीती मिटते. कोंबडीला कुणी विचारत नाही.

जवळच्या पांडवलेण्यांतल्या उषवदात या दात्याच्या शिलालेखात वर्षावास करणाऱ्या प्रत्येक भिक्खूला चिवरासाठी 12 कार्षापण नाणी दिल्याची नोंद आहे. पावसात जीवजंतू पायाखाली येऊ नयेत म्हणून भिक्खू स्वीकारलेल्या नियमानुसार एका जागी थांबत. कोंबडीचा मुक्काम मात्र मालक ठरवतो!

अर्थात 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. रानपक्ष्यांना दूर ठेवणाऱ्या छताला कारण आहे.

ब्रिटनच्या पशुकल्याणावरील ब्रॅम्बेल समितीने 1965 मध्ये प्राण्याला निदान वळता यावं, उठता-बसता यावं, अंग साफ करता आणि ताणता यावं, असं मागितलं. फारच माफक. कोंबडीला लोळायला कोरडी माती आणि रात्री बसायला उंच दांडी लागते. खुराडं वाढवताना नेमक्या त्याच मातीवर फरशी पडते.