कुठपासून कुठपर्यंत?

तुळईची लांबी किती, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. टेप लावावा, आकडा वाचावा, संपले. पण ज्या संगणकीय प्रणालींत आज इमारतींचे आराखडे तयार होतात, त्यांत एकाच पोलादी तुळईच्या लांबीचे दोन आकडे मिळतात आणि दोन्ही खरे असतात. रेव्हिट या प्रणालीचेच घ्या. आरेखक एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्या खांबाच्या मध्यापर्यंत रेघ ओढतो. त्या रेघेची लांबी ती 'लेंथ'. खांबाची जाडी, सांध्याजवळची फट वजा जाऊन प्रत्यक्षात जेवढे पोलाद कापायचे, ती 'कट लेंथ'. पहिली भूमितीतली रेषा. उर्दू माध्यमात आम्ही जिला 'ख़त' म्हणून शिकवतो तीच. तिला लांबी असते, जाडी नसते, वजनही नसते. दुसरी क्रेनने उचलावी लागते.

समजा, दोन खांबांच्या मध्यांतले अंतर 6000 मि.मी. आहे आणि खांब 300 मि.मी. खोलीचे आहेत. दोन्हीकडचा अर्धा-अर्धा खांब गेला, 5700 उरले. दोन्ही टोकांना 10 मि.मी. मोकळीक सोडली की 5680. फरक 320 मि.मी., जेमतेम फूटभर. पण मीटरला 40.3 किलो वजनाचा बीम असेल, तर एका बीममागे हा फरक जवळजवळ 13 किलो होतो आणि अशा 200 बीमच्या इमारतीत अडीच टनांच्या वर जातो.

आता जो कंत्राटदार मालकाला बिल देताना 6 मीटर धरतो आणि कारागिराची मजुरी काढताना 5680 मि.मी., त्याने एकही आकडा खोटा लिहिलेला नाही. दोन्ही तक्ते त्याच मॉडेलमधून छापलेले आहेत. बेइमानी शोधायची कुठे? सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये ज्यांचा धिक्कार केला आहे ते लोक नेमके असेच आहेत: घेताना माप पुरेपूर घेणारे, देताना कमी देणारे. ती सूरह ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे तराजू घेतलेला किराणा दुकानदार येतो. वातानुकूलित खोलीत माऊस हलवणारा सुशिक्षित माणूस येत नाही, आणि बहुधा त्याच्या स्वतःच्याही डोळ्यांपुढे तो येत नसावा.

कंत्राटदाराची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणेल, बाजारात मला 5680 मि.मी.चा बीम कोण देतो? मी 12 मीटरचा नग घेतो, त्यातून दोन तुकडे काढतो, 11.36 मीटर कामी येतात आणि 640 मि.मी.चा तुकडा, करवतीत गेलेले थोडे सोडून, माझ्या गळ्यात पडतो. त्याचे पैसे कोण देणार? हा प्रश्न लबाडीचा नाही. मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचे असे करारात आधीच ठरले असेल आणि दरही त्या हिशेबाने लावला असेल, तर त्यात वावगे काहीच नाही. कट लेंथ धरून वाया जाणारा माल वेगळा दाखवला, तरीही नाही. आम्ही मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण आमच्या मते जो मोजणारा 'कुठपासून कुठपर्यंत' हे आधी सांगतो आणि समोरचा माणूस बदलला तरी तेच ठेवतो, त्याचे माप खरे. गिऱ्हाईक पाहून आरंभबिंदू सरकवला, की तीन दशांश स्थळांपर्यंत अचूक असलेला आकडाही खोटा होतो.

नावांचीही तीच गत. आखाती देशांत अनेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या ब्रिटिश छेदांत '305 बाय 165 बाय 40' नावाच्या बीमची खरी खोली 303.4 मि.मी. आहे, तर त्याच कुळातल्या 54 किलोवाल्याची 310.4. दोघांच्याही नावात 305! नावावरून रेखाटणाऱ्याची छताची पातळी चुकायचीच.

इथवर पैशांची आणि मिलिमीटरांची गोष्ट झाली. पोलादाचा आकडा माणसांच्या अंगावर कसा येतो, हे कॅनडातल्या क्वेबेक पुलाने संगणकाच्या कितीतरी आधी दाखवले. सेंट लॉरेन्स नदीवरच्या या पुलाचा मुख्य गाळा आराखड्यात 1600 फुटांवरून 1800 फुटांवर नेला गेला, पण पुलाचे स्वतःचे वजन जुन्याच अंदाजाने धरले गेले. खरे वजन बरेच जास्त भरते आहे हे ध्यानात आले तेव्हा बांधकाम खूप पुढे गेले होते, आणि ते तसेच चालू ठेवले गेले. 1907 च्या ऑगस्टमध्ये जागेवरच्या निरीक्षकाने खालचे, दाब झेलणारे भाग मोजले, तेव्हा त्यांतला एक दोन इंचांहून जास्त वाकलेला निघाला. यावर वाद झाला तो असा की, तो भाग बसवण्यापूर्वीच वाकडा होता. 29 ऑगस्टला पूल कोसळला. 75 कामगार मेले. त्यांत काहनावाके वस्तीतले अनेक मोहॉक कारागीर होते. चौकशीत त्या खालच्या भागांची रचनाच सदोष ठरली. मोजणाऱ्याचा आकडा बरोबर होता. तो ऐकून काम मात्र थांबले नाही.

आमच्या शाळांतली कितीतरी मुले दहावीनंतर आय.टी.आय.त जातात, वेल्डर होतात, फिटर होतात, काही आखातात जातात. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मजुरी बहुधा किलोवर मिळते. वजन ठरते मॉडेलमधून निघालेल्या तक्त्यावरून, आणि मॉडेल असते ऑफिसात. मुलाजवळ असतो खिशातला टेप. बीम बसत नाही, वीस मि.मी. जास्त आहे, असे तो वरून ओरडून सांगतो, तेव्हा खाली लॅपटॉप घेऊन उभा असलेला सुपरवायझर पहिल्यांदा काय पाहतो – बीम की पडदा?