ओझे कोणाचे?

प्रवासास निघणाऱ्या मनुष्याची परीक्षा वाटेत होते असे आपण समजतो. आमच्या मते ती त्यापूर्वीच, घरात सामान बांधताना होऊन गेलेली असते. मनुष्यास कशाची भीती वाटते, कशावाचून आपले अडेल असे त्यास वाटते आणि आपल्यासाठी दुसऱ्याने किती कष्ट करावेत अशी त्याची अपेक्षा असते, हे सारे त्याच्या पेटीत नीट घडी करून ठेवलेले आढळते. ही गोष्ट आम्हांस परवा स्वतःच्याच उदाहरणावरून कळली, म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त नैरोबीस असतात. यंदाच्या आषाढात त्यांनी आम्हां उभयतांस तिकडे बोलाविले आणि मसाई माराच्या गवताळ रानात सिंह-हत्ती दाखविण्याचा बेत केला. रहिमतपूरसारख्या गावी अशी वार्ता घरात राहत नाही. दोन दिवसांत आळीतील प्रत्येकाने एकेक सल्ला आणि त्याबरोबर एकेक वस्तू सुचविली. कोणी म्हणाले, मोठी विजेरी न्या. कोणी म्हणाले, सर्पदंशावरचे औषध विसरू नका. एका वृद्ध स्नेह्यांनी तर घोंगडी आणून दिली. सौभाग्यवतींनी मेतकूट, थालीपिठाची भाजणी, डिंकाचे लाडू आणि लोणचे काढून ठेविले. आम्ही स्वतः सात पुस्तके निवडली. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकास पुस्तकांवाचून घराबाहेर पडणे म्हणजे अंगरख्यावाचून पडण्यासारखे वाटते.

'सफारी' हा शब्द आपणांस परका वाटतो. वस्तुतः तो आपल्या 'सफर' शब्दाचा सख्खा भाऊ होय. मूळचा अरबी 'सफर' फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि अरब व्यापाऱ्यांच्या संगतीने पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेत जाऊन 'सफारी' झाला. त्या भाषेत त्याचा अर्थ नुसता प्रवास एवढाच आहे. त्यास बंदुका, तंबू आणि सिंह जोडले ते गोऱ्या साहेबाने.

या प्रवासाच्या सामानाचे काही नियम आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांस सबळ कारणे आहेत. गडद निळी व काळी वस्त्रे नेऊ नयेत. कारण त्से-त्से नावाची माशी या रंगांकडे ओढली जाते, इतकी की तिला पकडण्याचे सापळेही निळ्या-काळ्या कापडाचेच करितात. मातकट रंग बरा. आफ्रिका म्हणजे उन्हाचा देश अशी आपली समजूत असते. परंतु मसाई मारा समुद्रसपाटीपासून १,५०० मीटरांहून उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही वर आहे, आणि पहाटे उघड्या मोटारीत बसावयाचे तर लोकरीचे वस्त्र हवेच. हिवतापावरील गोळ्या वैद्याच्या सल्ल्याने न्याव्या लागतात. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते, नाहीपेक्षा परत येताना आपल्याच देशाच्या दारात अडकून पडावे लागते. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून बंदी घातली आहे. तेव्हा प्रत्येक लाडवास स्वतंत्र पिशवी देण्याची आपली रीत तेथे गुन्हा ठरते.

परंतु या सर्वांहून कठीण नियम वजनाचा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराच्या रानात जाणारी विमाने लहान असतात. त्यांत दर माणशी पंधरा किलो सामान चालते, तेही हातातील पिशवीसकट. आणि पेटी मऊ कापडाची हवी, कारण विमानाच्या पोटात कडक पेटी बसत नाही. आम्ही आपली पिशवी बाजारपेठेतील एका आडतदुकानी नेऊन धान्याच्या काट्यावर ठेविली. काटा साडेबावीस किलोंवर थांबला. साडेसात किलो काढावयाचे होते.

घरी येऊन आम्ही वस्तू काढू लागलो, तो प्रत्येक वस्तूमागून एकच प्रश्न येऊ लागला: "अहो, पण लागलं तर?" हा प्रश्न सौभाग्यवतींनी विचारला हे खरे, परंतु पुस्तकांची पाळी येताच तोच प्रश्न आम्हीही विचारला, हे मान्य केले पाहिजे. 'लागेल' या शब्दास अंत नाही. 'लागते' या शब्दास मात्र आहे. जी वस्तू लागते ती मोजता येते. जी लागेल ती मोजता येत नाही, कारण तिचे माप गरज नसून भीती असते. मग एवढी वर्षे आपण 'लागेल' म्हणून पेट्या भरीत आलो, तेव्हा आपणांस कोणी कसे थांबविले नाही? उत्तर शोधू लागताच विचाराची दिशा पालटली. आम्हांस कोणी थांबविले नाही याचे कारण, ते ओझे आम्ही वाहतच नव्हतो.

जुन्या सफारीचा इतिहास पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे एप्रिल १९०९ मध्ये मोंबासास उतरले. त्यांच्या तांड्यात दोनशेहून अधिक हमाल होते. मारलेल्या जनावरांची कातडी टिकविण्यासाठी त्यांनी चार टन मीठ बरोबर घेतले होते, आणि रानात वाचण्यासाठी सुमारे साठ ग्रंथ, तेही डुकराच्या कातड्यात बांधलेले. या ग्रंथपेटीचे वजन साठ पौंडांस किंचित कमी भरे. आणि रूझवेल्ट यांनी स्वतःच नमूद करून ठेविले आहे की ते एका हमालाचे ओझे होते. त्या प्रवासात त्यांनी व त्यांच्या पुत्राने मिळून ५१२ प्राणी मारले, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. आमचे मन मात्र त्या एका हमालाभोवती घोटाळत राहते. त्याच्या मस्तकावर साहित्य होते, तत्त्वज्ञान होते, काव्य होते. आणि त्याच्या दृष्टीने ते सारे सत्तावीस किलो होते.

माणसाचे डोके हेच तेथील वाहन का झाले, यासही कारण आहे. ज्या माशीच्या भयाने आम्ही निळा सदरा बाजूस ठेविला, तीच माशी घोड्या-बैलांस जीवघेणा रोग देते. ज्या प्रदेशात तिचा वावर, तेथे गाडी चालत नाही, तट्टू टिकत नाही. राहता राहिला मनुष्य. पुढे मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत आगगाडी १९०१ मध्ये पोहोचली आणि काही ओझे माणसाच्या मस्तकावरून उतरले. परंतु तो रस्ता घालण्यास हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले होते आणि त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास मृत्यू पावले. १९१४ च्या महायुद्धात इंग्रजांनी त्या देशांतील लोकांस सैन्याचे ओझे वाहण्यास धरून नेले. त्यांतील चाळीस हजारांहून अधिक मेले, असे सरकारी आकडेच सांगतात; खरी संख्या पुष्कळ मोठी असावी असे इतिहासकार मानितात. त्या हमालदळास इंग्रजीत 'कॅरिअर कोअर' म्हणत. नैरोबीतील 'करिओकोर' आणि दार-ए-सलाममधील 'करिआकू' या वस्त्यांच्या नावांत तो शब्द आजही शिल्लक आहे. तेथील बाजारांत लोक भाजी घेतात, कापड घेतात. नावाचा अर्थ कितीजणांच्या ध्यानात येत असेल?

पण दूर देशीच्या साहेबावर बोट ठेवणे सोपे असते. आम्ही महाविद्यालयात शिकण्यासाठी प्रथम घर सोडले, तेव्हा आमची लोखंडी ट्रंक रहिमतपूरच्या स्थानकापर्यंत शेतावरच्या गड्याने डोक्यावरून नेली होती. वय आमच्या वडिलांहून अधिक. आम्ही त्यास आबा म्हणत असू. ट्रंकेत आईने दिलेले तांदूळ व तूप होते आणि गावात मिरविण्यासाठी घेतलेली जाडजूड इंग्रजी पुस्तके होती. वाटेत एका झाडाखाली त्याने ट्रंक उतरवून घाम पुसला आणि हसून विचारले, "दगडं भरल्याती का काय यात, धाकलं मालक?" आम्हीही हसलो. दुसरी कडी धरण्यास आमचा हात पुढे झाला नाही. होऊ शकतो हे सुचलेही नाही. त्या पुस्तकांपैकी दोन आम्ही वसतिगृहात उघडलीदेखील नाहीत. आबा जाऊन आता बरीच वर्षे झाली. आडतदुकानी काटा साडेबावीसवर थांबला, त्या क्षणी आम्हांस तो प्रश्न प्रथम ऐकू आला. त्या दिवशी आम्ही तो थट्टा म्हणून घेतला होता.

यावर सुज्ञ वाचक दोन आक्षेप घेतील. पहिला असा की, हमाल मजुरी घेतो. आपण ओझे कमी केले तर त्याची भाकर कमी होईल. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. परंतु मजुरी दिल्याने ओझे न्याय्य होते, निरर्थक ओझे सार्थ होत नाही. आबास मजुरी मिळाली असेलही. पण न उघडलेल्या पुस्तकांसाठी त्याची मान दुखली, याची भरपाई कोणत्या नाण्यात करावयाची? दुसरा आक्षेप असा की, दुसऱ्याचे ओझे वाहणे हेच तर थोर कर्म. हेही खरे आहे, आणि याचे एक उदाहरण तर आमच्या नाशिकशी जोडलेले आहे.

गुलामांच्या गलबतांतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांस इंग्रज मुंबईस उतरवीत, आणि त्यांपैकी काहींस नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात शिक्षण मिळे. तेथे वाढलेले जेकब वेनराइट व त्यांचे काही सोबती पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या तांड्यात दाखल झाले. १ मे १८७३ रोजी, आज झांबियात असलेल्या एका खेड्यात लिव्हिंग्स्टन निवर्तले. अनुयायांनी हृदय तेथेच झाडाखाली पुरले, देह उन्हात वाळविला, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळिला, आणि वाटेतल्या लोकांनी प्रेत म्हणून अडविले तेव्हा व्यापाऱ्याच्या मालाचे गाठोडे भासेल असा पुन्हा बांधिला. सुसी आणि चुमा हे त्यांचे पुढारी होते. सुमारे नऊ महिने, हजार मैलांहून अधिक चालून, फेब्रुवारी १८७४ मध्ये त्यांनी तो देह बागामोयोच्या किनाऱ्यावर आणून पोहोचविला. कोणी त्यांस आज्ञा केली नव्हती. आज्ञा करणारा तर त्या गाठोड्यातच होता.

तेव्हा ओझे वाहणे हे नीच नव्हे आणि वाहविणे हे नेहमीच पाप नव्हे. भेद कोठे पडतो? आमच्या मते तो दोन प्रश्नांत आहे. वाहणाऱ्यास 'नाही' म्हणण्याची मोकळीक होती काय? आणि वाहविणाऱ्यास त्या ओझ्याचे वजन ठाऊक होते काय? शरणपूरच्या त्या मुलांनी आपले ओझे आपण पत्करिले होते. रूझवेल्ट यांस आपल्या ग्रंथांचे वजन निदान ठाऊक होते. आम्हांस आमच्या ट्रंकेचे वजन ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हते. पंधरा किलोंचा नियम वैराग्य शिकविण्यासाठी केलेला नाही; ते विमानाचे गणित आहे. परंतु त्याने आमच्या हाती प्रथमच काटा दिला.

याचा अर्थ पंधरा किलोंत आमचे ओझे संपले, असेही नाही. चिरंजीवांनी कळविले आहे की, रानातील तंबूत स्नानासाठी ऊन पाणी बादल्यांनी आणून वर टांगलेल्या पिशवीत ओततात. ते पाणी कोणीतरी वाहणारच. आपल्या फलटणावरून जाणाऱ्या पालखीतही तळाचे तंबू, भांडी, वळकट्या मालमोटारींतूनच पुढे जातात; खांद्यावर एक पडशी एवढेच वारकऱ्याचे स्वतःचे. मनुष्य समाजात राहतो तोवर त्याचे काही ओझे दुसऱ्यावर असावयाचेच. ते शून्यावर आणता येत नाही. मात्र ते पाहता येते, आणि जो ते वाहतो त्यास त्याचे नाव विचारता येते. एवढे जरी घडले तरी निम्मा अन्याय कमी होईल असे आम्हांस वाटते.

शेवटी आम्ही आपल्यापुरता एक नियम केला: जे स्वतःच्या हाताने रहिमतपूरच्या स्थानकापर्यंत, वाटेत न थांबता, नेता येईल तेवढेच घ्यावयाचे. घोंगडी स्नेह्यांस परत दिली; त्यांस थोडे वाईट वाटले. विजेरी लहान घेतली. लोणचे राहिले, लाडू कापडी पिशवीत गेले, कारण मुलासाठी आईने केलेल्या वस्तूस काटा लावण्याचे धैर्य आमच्या तत्त्वज्ञानात नाही. पुस्तकांपैकी सहा काढली, एक ठेविले. पुन्हा आडतदुकानी गेलो, तो काटा चौदा किलोंच्या जरा पुढे थांबला. दुकानदार म्हणाला, "अजून किलोभर बसंल की, सर." आम्ही ती जागा मोकळीच ठेविली आहे.

याच दिवसांत पंढरीची वाट माणसांनी फुलते, आणि याच दिवसांत तिकडे लाखो विल्डबीस्ट सेरेंगेटीहून माराच्या ताज्या गवताकडे चालत निघतात. त्यांच्याजवळ काहीच सामान नसते. त्यांची बरोबरी मनुष्यास साधणार नाही, साधावी असेही आम्ही म्हणत नाही. त्यांस पाहावयास जाताना आपली पिशवी आपल्या हाती असावी, इतकेच. स्थानकाच्या वाटेवर ते झाड अजून आहे की नाही, हे आम्ही उद्या जाताना पाहू.