कोंडा देऊन घेतलेले लेकरू

मननपाठ : नीतिसूत्रे 26:18-19, उत्पत्ती 21:1-14



आचऱ्याच्या खाडीकाठी असे घर विरळाच, जेथे एखाद्या लेकरास, "तू आमचो नाय रे, तुका कोंडो देवन घेतला," असे कोणी कधी म्हटले नसेल. बाप जाळे दुरुस्त करीत बसलेला असतो. लेकरू विचारते, मी कोठून आलो? बाप गंभीर मुद्रेने सांगतो की, मासळी विकणाऱ्या बाईस पायलीभर कोंडा दिला आणि तिने तुला आमच्या ओटीवर ठेवले. घरचे सर्व हसतात. लेकरूही हसते; परंतु हसण्यापूर्वी ते आईच्या तोंडाकडे पाहते. त्या पाहण्याविषयी आज लिहावयाचे आहे.

नीतिसूत्रांचा कर्ता शेजाऱ्यास फसवून वर आपण केवळ गंमत केली असे म्हणणाऱ्या माणसाची तुलना कोलिते व बाण भिरकाविणाऱ्या वेड्याशी करितो. कोणी म्हणेल, पाळकसाहेब, आता घरातले हसणेही बंद करावयाचे काय? मुळीच नाही. ज्या घरी थट्टा नाही, त्या घरी प्रीतीही बहुधा ताठ मानेने वावरते. वासुदेवी रेड्डी ह्या इंग्लंडातील पोर्टस्मथ विद्यापीठाच्या विदुषीने तान्ह्या मुलांचे बारकाईने निरीक्षण करून 2008 साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दाखविले आहे की, बोलू लागण्यापूर्वीच, नऊ-दहा महिन्यांचे बाळ हातातील खेळणे आपल्यापुढे धरिते, आपण घ्यावयास गेलो की चटकन मागे ओढते, आणि हसते. म्हणजे थट्टा आपण लेकरांस शिकवितो असे नव्हे. तीही आपली थट्टा करितात. मात्र बाळ जेव्हा असा खेळ करिते, तेव्हा ते आपल्या चेहऱ्यावर नजर ठेवून असते. आपण हसलो तरच त्याचा खेळ पुरा होतो.

आता इसहाकाची गोष्ट पाहा. त्याच्या नावाचा अर्थच 'तो हसतो' असा आहे. साराला म्हातारपणी पुत्र झाला आणि घरात हसणे आले. पुढे त्याचे दूध तोडण्याच्या मेजवानीच्या वेळी इश्माएलाने जे काही केले, त्याकरिता मूळ इब्री भाषेत जो शब्द आहे, तो ह्याच 'हसणे' धातूपासून झालेला आहे. त्यामुळे काही भाषांतरांत तो 'खेळत होता' असे आहे, तर काहींत 'चेष्टा करीत होता' असे. विद्वानांचा हा वाद मिटलेला नाही, आणि माझ्या मते त्यातच बोध आहे. एकाच कृतीस खेळ म्हणावे की चेष्टा, हे पाहणाऱ्याच्या अंतःकरणावर अवलंबून राहिले. त्या एका हसण्यापायी हागार व तिचा मुलगा पाण्याची मसक घेऊन बैरशेब्याच्या रानात भटकू लागली.

आपली कोंड्याची थट्टा तरी कोठून आली? ज्या घरी मुले जगत नसत, तेथे नव्या बाळास कोणाची दृष्ट लागू नये म्हणून ते कवडीमोलाचे आहे असे भासवीत. दगडू, धोंडू, केरू, कोंडिबा ही नावे त्या भयातूनच निघाली. दुसऱ्याच्या पदरात बाळ नाममात्र घालून, मूठभर कोंडा देऊन ते परत घेतल्याचेही सांगत. ज्या आईने दोन-तीन बाळे पुरली होती, तिच्या तोंडी हे शब्द थट्टेचे नव्हते. ती आपले सर्वांत मौल्यवान धन कोंड्याखाली लपवीत होती. देवीचा रोग भारतातून नाहीसा झाल्याचे 1977 साली जाहीर झाले. ते भय ओसरले, बोल तेवढा मागे राहिला. आता तो उच्चारणाऱ्यास त्याचा अर्थ ठाऊक नसतो, आणि ऐकणारे चार वर्षांचे लेकरू तर त्यास जे कानी पडते तेच खरे मानते.

लेकरू मूर्ख आहे म्हणून विश्वास ठेवीत नाही. पृथ्वी वाटोळी आहे, दिसत नाहीत अशा जंतूंनी रोग होतो, आजोबा तारवावर होते, ह्यांपैकी एकही गोष्ट त्याने डोळ्यांनी पाहिलेली नाही. हार्वर्ड येथील पॉल हॅरिस ह्यांनी 2012 सालच्या आपल्या ग्रंथात हेच प्रतिपादन केले आहे की, मूल पुष्कळसे ज्ञान दुसऱ्याच्या शब्दावरच मिळविते, आणि कोणाचा शब्द घ्यावा हेही ते पारखीत असते. तेव्हा जेवत नाही म्हणून 'पोलीस नेईल' व रडतो म्हणून 'डॉक्टर सुई टोचील' असे आपण सांगितले, तर जत्रेत हरवल्यावर ते पोलिसापासूनच पळेल, आणि तापात डॉक्टरच्या हाती देह देणार नाही. पुढे तो धाक खोटा होता हे कळले म्हणजे आपल्या शब्दाचीही किंमत उतरते. असला धाक घालणे मला कोंड्याच्या थट्टेहूनही वाईट वाटते.

आचऱ्याची गावपळण आपणांस ठाऊक आहेच. काही वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला म्हणजे तीन दिवस सारा गाव, सर्व जातिधर्मांचे लोक, गुरे-कोंबड्यांसह वेशीबाहेर झोपड्यांत राहतात, आणि पुन्हा कौल झाल्यावर परततात. लेकरांस ते दिवस सणाहून गोड. शाळा नाही, चांदण्यात खेळ, रात्री गोष्टी. त्या गोष्टींत भुते असावयाचीच, आणि अंगावर काटा येण्यातही एक आनंद आहे. तो कोणी हिरावू नये. पण गंमत म्हणून लेकरास, तुझे मांजर मागे राहिले, आता ते भुतांनी नेले, असे सांगणारा काकाही त्यांत असतो. गोष्टीतील भूत सकाळी निघून जाते. मांजराचे भूत मात्र घरी परतल्यावरही मागीलदारी बसलेले असते, आणि सहा महिने लेकरू रात्री तेथे एकटे जात नाही.

ह्याकरिता काकाशी भांडण नको. लेकराने मांजराविषयी विचारले तर प्रथम टोपलीचे झाकण उघडून ते त्यास दाखवा, त्याचा हात त्याच्या पाठीवर ठेवा. मग हवी तेवढी भुतांची गोष्ट चालू द्या. काकालाही बोलवा, आणि पुढील भूत कोणाच्या माडावर बसले होते ते लेकरासच विचारा.